वरचं टिंब, खालची टिंबं

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की महाराष्ट्र नेमका कुठे संपला हे जमिनीकडे बघून सांगता येत नाही. इकडची काळी माती तिकडेही काळीच, पऱ्हाटीची बोंडं दोन्हीकडे सारखीच फुटतात, आणि आपण कोणत्या राज्यात उभे आहोत याची चौकशी संत्र्याच्या झाडाने कधी केलेली नाही. सीमा कळते ती पाट्यांवरून, आणि तीही नीट बघणाऱ्यालाच. अलीकडे ‘गाव’ असतं, पलीकडे ‘गांव’. सौंसर तहसिलीतलं आमचं बोरगाव बोलताना बोरगावच असतं. हिंदीत लिहिताना मात्र ते डोक्यावर एक टिंब चढवून ‘बोरगांव’ होतं, जुन्या काळी माणसं कचेरीत जाताना आठवणीने टोपी घालत, तसं.

गंमत अशी की हे टिंब परकं नाही. १९६२ सालापर्यंत मराठीतही गाव ‘गांव’च होतं, नाव ‘नांव’ होतं आणि पाच ‘पांच’. मग मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम केले, सरकारने ते मान्य केले, आणि ज्यांचा उच्चार कोणीच करत नव्हतं असे सगळे अनुस्वार एका फटक्यात सेवामुक्त झाले. १९७२ मध्ये आणखी चार नियम येऊन संख्या अठरावर गेली, पण टिंबांचा निकाल पहिल्या चौदांतच लागलेला होता. एवढी टिंबं एकाएकी मोकळी झाली तेव्हा ती गेली कुठे, असा प्रश्न मला रिकाम्या वेळी पडतो. माझा अंदाज असा की त्यातली काही सावनेरची वाट धरून सातपुड्याकडे सरकली आणि इथल्या पाट्यांवर स्थायिक झाली. हिंदीचे जाणकार म्हणतील की हा आमच्या चंद्रबिंदूचा धाकटा भाऊ, तुमच्या निवृत्त अनुस्वारांशी त्याचं नातं नाही. त्यांचं बरोबरच आहे. पण परगावी आपल्या आजोबांसारखा चेहरा दिसला तर माणूस वंशावळ मागत बसत नाही, नुसता बघत राहतो.

मी प्रूफं तपासतो, म्हणून ही बघण्याची खोड. हा रोग जडलेल्या माणसाला पंगतीत बसल्यावर ताटातल्या वरणाआधी केटररच्या टेम्पोवरचं ‘शुध्द शाकाहारी’ दिसतं आणि पहिला घास तिथेच अडतो. बोरगावात ‘मुद्रितशोधक’ म्हटलं तर लोकांना तो पोलीस खात्यातला हुद्दा वाटेल. मला इथे ‘प्रूफवाले काकाजी’ म्हणतात. कामही त्या नावाला शोभेलसंच: लग्नपत्रिका, तेरवीचं कार्ड, शाळेची स्मरणिका, भागवत सप्ताहाचं पत्रक, कधीमधी नागपूरकडची एखादी कादंबरी. कादंबरीत चूक राहिली तर लेखक रागावतो, आणि लेखक एकटा असतो. पत्रिकेत राहिली तर दोन्हीकडचे मामा रागावतात. मामा हा शुद्धलेखनाच्या बाबतीत मोठमोठ्या वैयाकरणांहून कडक असतो. त्याचं व्याकरण स्वतःच्या नावाच्या ओळीपुरतं असतं, एवढाच काय तो फरक.

या कामाच्या खुणांची एक वेगळीच लिपी आहे. दोन अक्षरांमध्ये काही राहून गेलं असेल तर तिथे टोकदार हंसपद काढायचं आणि राहिलेलं अक्षर समासात लिहायचं. नको असलेल्या अक्षरावर काट मारून समासात एक शेपटीदार गाठ काढायची. ती गाठ म्हणजे ‘पुसून टाका’ या लॅटिन आज्ञेचं आद्याक्षर झिजत झिजत उरलेलं रूप. मागेपुढे झालेल्या शब्दांना नागमोडी रेघेने एकमेकांच्या जागी पाठवायचं, उगीच फाटलेल्या शब्दाला वरखाली दोन कमानी घालून जवळ आणायचं. देशोदेशी या खुणा थोड्याफार फरकाने सारख्याच. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने १९५८ साली त्यांचं रीतसर मानक काढलं, म्हणजे या गाठी आणि वेटोळी सिमेंट-सळ्यांच्या पंगतीला जाऊन बसली. या सगळ्या गर्दीत माझी आवडती खूण एकच. घाईघाईत एखादा शब्द खोडला, आणि मागाहून वाटलं की अरे, हा बरोबर होता. तर त्या शब्दाखाली टिंबांची एक ओळ द्यायची आणि समासात लिहायचं, ‘राहू द्या’. इंग्रजी छापखान्यात तिला लॅटिन नावाने ‘स्टेट’ म्हणतात. बाकीच्या खुणा शब्दाला काही ना काही करायला लावतात: सरक, वळ, जा, ये. ही एकटीच त्याला म्हणते, तू आहेस तसा बस.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात या खुणांच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस असे, जुळारी. जुन्या मुंबई पद्धतीच्या जुळणीत देवनागरीची एकेक ओळ तीन मजल्यांची असे. मधल्या मजल्यावर अक्षरं, माडीवर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तळघरात उकार. माडीवरची मंडळी जरा उनाड. ठाशात एखादा खिळा सैल बसला की अनुस्वार दोन घरं पलीकडे जाऊन बसायचा, आणि ज्या शब्दावर तो उतरायचा त्याचं आयुष्य बदलून जायचं. अशा या तीन मजली संसारातूनही मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने, १८६९ पासून पुढे, संस्कृत ग्रंथ इतके निर्मळ छापले की ‘निर्णयसागरची प्रत’ म्हटल्यावर पंडित वाद थांबवत. त्या निर्मळपणामागे किती डोळे खर्ची पडले असतील हे ग्रंथावर कुठे छापलेलं नसतं. प्रूफ तपासणाऱ्याचं काम साधलं की तो अदृश्य होतो. चुकलं तरच त्याची आठवण निघते. देवापाशी हे दुःख सांगायला गेलं तर तोही म्हणेल, माझं काय वेगळं आहे?

छापखान्याच्याही आधी चुका होत्याच, कारण माणसं होती. पोथी लिहिणारा चुकला की त्या अक्षरावर पिवळा हरताळ फासायचा, सुकल्यावर त्यावर पुन्हा लिहायचा; जुन्या पोथ्यांत असे पिवळे डाग ऊन पडल्यासारखे दिसतात. एकनाथमहाराजांनी १५८४ साली, म्हणजे शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, पाठ पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे यात कोणी आपली ओवी घालू नये अशी तंबी देऊन ठेवली. मराठीतल्या प्रत्येक मुद्रितशोधकाने आपल्या टेबलावर कुणाची तसबीर लावायची असेल तर ती त्यांची लावावी. पण आमच्या पांढुर्ण्यापासून वरूड-मोर्शीच्या वाटेने गेलं की रिद्धपूर येतं, आणि तिथली तऱ्हा निराळी. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे लीळाचरित्र सिद्ध केलं, पुढे सुलतानी धामधुमीत मूळ प्रत हरवली, आणि शिष्यांनी ते आठवून आठवून पुन्हा उभं केलं. आता आठवण म्हटली की एकाची अशी आणि दुसऱ्याची तशी. महानुभावांनी त्यातली एक खरी ठरवून दुसरीवर हरताळ फासला नाही. अमक्याचा पाठ असा, तमक्याची ‘वासना’ अशी, म्हणून दोन्ही लिहून ठेवल्या. नाथांच्या निष्ठेपुढे मी हात जोडतो. पण कार्डाचा तिसरा प्रूफ हातात असतो आणि वरपक्षाचे काका-काकू एका नावाच्या दोन रूपांवर भांडत असतात, तेव्हा माझं मन रिद्धपूरला जातं.

छापील मराठीचं जातक मांडायला गेलं तरी आमच्या भागाचा एक ग्रह त्यात सापडतो. विल्यम कॅरेने १८०५ साली बंगालातल्या श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं, आणि मराठीच्या कामात त्याचे मदतनीस होते वैजनाथ पंडित, नागपूरकडचे. म्हणजे मराठी पहिल्यांदा खिळ्यांवर चढत होती तेव्हा तिच्या कानाशी पुण्याच्या नव्हे, आमच्या बाजूच्या वळणाचा माणूस बसलेला होता. पुढे दीडशे वर्षांनी त्याच वळणाखाली लाल रेघा ओढल्या जाणार आहेत, हे वैजनाथांना कळतं तर त्यांनी बहुधा विडा जुळवला असता आणि म्हटलं असतं, होऊ द्या.

हल्ली जुळारी नाही. एक पोरगा आहे, एक संगणक आहे आणि कोरलड्रॉ आहे. पोरगा हुशार. हिंदी टंकलेखन शिकलेला, त्यामुळे त्याची बोटं कृतिदेववर डोळे मिटून चालतात. कृतिदेव हा मोठा भिडस्त फॉन्ट. आतून तो रोमनच असतो, वरून देवनागरीचा झगा घातलेला. ज्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तिथे फाइल उघडली की झगा गळून पडतो आणि अख्खं लग्न, मुहूर्तासकट, इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांच्या भुशात जमा होतं. युनिकोड आल्यापासून हे संकट पुष्कळ निवळलं. र. कृ. जोशींसारख्या अक्षरवेड्या माणसाने घडवलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघर पोचला. आता नवे घोटाळे नव्या तऱ्हेचे. एखादी वेलांटी अक्षरापासून सुटली तर संगणक तिला टाकून देत नाही. तिच्याजवळ टिंबांचं एक पोकळ वर्तुळ ठेवतो, की बाई, तुझं अक्षर येईपर्यंत याला धरून उभी राहा. इनडिझाईनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ निवडायचा राहिला तर जोडाक्षरं हात सोडून सुटी होतात, आणि ‘श्रीकृष्ण’ पाय मोडून पानावर पसरतात. खुणांच्या जुन्या तक्त्यात उलट्या बसलेल्या खिळ्यासाठी एक खास चिन्ह होतं. संगणकावर अक्षर उलटं बसतच नाही, तरी ते चिन्ह तक्त्यात अजून आहे, गिरणी बंद पडल्यावरही सकाळच्या भोंग्याच्या वेळेला तयार होऊन बसणाऱ्या कामगारासारखं.

पोराच्या संगणकाला भाषा नेमून दिलेली आहे हिंदी. त्यामुळे मराठी मजकूर पडला रे पडला की पानभर लाल नागमोडी रेघा उमटतात. ‘आहे’ लाल, ‘आणि’ लाल, ‘आमच्या येथे’ लाल. हिंदी शब्दकोशाच्या दृष्टीने पत्रिकेतला गणपती तेवढा शुद्ध, बाकी सगळं कुळ चुकीचं. ळ ची गत तर काय सांगावी. हिंदी वळणाच्या बोटांना ल जवळचा, त्यामुळे ‘काळे’ आडनावाचं घराणं ‘काले’ होतं आणि वधूची गोरी गोमटी आत्या समासात येऊन भांडते. ल आणि श चं रूपही दोन्हीकडे वेगळं. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीचा म्हणून नक्की केला. आमच्याकडे निर्णय लागू होत नाही, शाळेत हिंदी ल गिरवला जातो, आणि घरी आजी तुळशीपुढे जी पोथी वाचते तिच्यात मराठी ल असतो. पोरांना दोन्ही ओळखू येतात. दोन मावश्यांकडे वाढलेल्या मुलाला जशी दोघींची हाक ओळखू येते, तसं ते बिनतक्रार चालतं.

खरी पंचाईत त्या आडव्या र ची. ‘पऱ्हाटी’तला, ‘दऱ्या’तला, ‘म्हाताऱ्या’तला तो र मराठीचा खास; हिंदी वळणाच्या फॉन्टात त्याला जागाच नसते. मग तो सरळ रफार होऊन माडीवर चढतो, दऱ्यांचा दर्या होतो, आणि सातपुड्यात समुद्र येतो. एकदा सप्ताहाच्या पत्रकात शेवटच्या दिवशी ‘आचाऱ्यांचा सत्कार’ होता, म्हणजे अख्ख्या गावाचा भात-वरण-बुंदी रांधणाऱ्यांचा. प्रूफात आला ‘आचार्यांचा सत्कार’. मी खूण केली. पोरगा म्हणाला, “काकाजी, या फॉन्टात तो र येतच नाही जी.” फॉन्ट बदलला तर सगळी मांडणी हलणार होती आणि पत्रकं दुपारी वाटायची होती. मंडळाच्या अध्यक्षांनी कागद हातात घेतला, चष्मा वर सारला आणि म्हणाले, “राहू द्या जी. एवढ्या गावाले जेऊ घालते तो आचार्य नाही तं कोन?” मी त्या शब्दाखाली टिंबं दिली. सत्काराच्या वेळी पुकारा झाला तसाच झाला. कढईवरून उठून आलेला तो माणूस खांद्यावरच्या पंचाने घाम पुसत कीर्तनकारबुवांच्या शेजारी बसला, शाल-नारळ घेतला, आणि बुवांनीही सरकून त्याला जागा दिली.

तेव्हापासून मी बघतो आहे की संगणकाकडे आमच्या सगळ्या जुन्या खुणा कुठल्या ना कुठल्या रूपात आहेत, एक सोडून. घालणं आहे, काढणं आहे, हलवणं आहे. कोणी कधी काय बदललं याची मिनिटवार नोंद आहे. पीडीएफवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवता येतात. लाल रेघेवर उजवीकडची कळ दाबली की ‘इग्नोर’ येतं, आणि लोक म्हणतात, हेच की तुमचं ‘राहू द्या’. मला ते पटत नाही. दुर्लक्ष करायला काही लागत नाही. न बघताही ते करता येतं. टिंबं द्यायला मात्र आधी शब्द खोडावा लागतो, मग त्याच्यापाशी थांबावं लागतं, मग स्वतःच्या काटेकोरपणाला दोन पावलं मागे घ्यावं लागतं, आणि हे सगळं शाईत, चारचौघांना दिसेल असं करावं लागतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे ‘ॲड टू डिक्शनरी’, शब्दकोशात दाखल करा. आमच्या पोराने ती कळ फार उदार हाताने वापरली. ‘काऊन’ दाखल केला, ‘मले’, ‘तुले’, ‘पयले’ दाखल केले, ‘पऱ्हाटी’ दाखल केली, आणि एकदा चिडून एका ग्राहकाचं आडनावही. वर्षभरात तो संगणक आमच्या भागाची बोली बिनरेघांची वाचू लागला. सौंसरच्या मराठीचा तो एकुलता एक शब्दकोश असावा. कोणतंही विद्यापीठ नाही, अनुदान नाही, संपादक मंडळ नाही. मग एका पावसाळ्यात व्हायरस शिरला, मेकॅनिकने संगणक फॉरमॅट केला, आणि बोलीचं ते सारं वैभव धुऊन निघालं. पोरगा म्हणाला, “जाऊ द्या काकाजी, आपन बोलतोच हावो न.”

दूर अमेरिकेत डोनाल्ड क्नूथ नावाचे संगणकशास्त्रज्ञ आहेत. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाची नवी प्रूफं आली, ती इतकी कुरूप निघाली की त्यांनी अक्षरजुळणीसाठी स्वतःच एक संगणकप्रणाली लिहायला घेतली. तिचं नाव टेक. जगभरचे गणिती अजून तिच्यावर पुस्तकं जुळवतात. आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला क्नूथ दोन डॉलर छप्पन्न सेंटचा चेक पाठवत. संगणकाच्या हिशेबात २५६ हा आकडा शुभ म्हणून. ते चेक फारसं कोणी वटवत नाही, लोक चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. २००८ पासून तर ते चेक एका काल्पनिक बँकेवर निघतात, तरी मागणी कायम आहे. ही बातमी मी पोराला सांगितली तेव्हा त्याने थोडा हिशेब केला आणि म्हणाला, “आपल्याकडे चूक दाखवली तं चहाचे पैसे बी आपनच देतो.” मला क्नूथांचा हेवा वाटतो तो पैशासाठी नाही. चूक हाती लागली की ज्याचा चेहरा उजळतो असा लेखक त्यांच्या रूपाने जगात निदान एक आहे, म्हणून.

खरं तर आमचा हा सगळा मुलूखच कोणीतरी प्रूफावर हलवलेला आहे. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती तेव्हा सौंसर-पांढुर्णा तिच्या अंगणात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला संपादकांनी परिच्छेद तोडला. नागपूर पुढच्या पानावर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा मागे राहिला, आणि मराठी बोलणाऱ्या या दोन तहसिली पानाच्या तळाशी सुट्या पडलेल्या ओळींसारख्या भोपाळच्या पानावर उरल्या. आजची सॉफ्टवेअरं अशा एकट्या ओळी आपणहून पुढच्या पानावर ढकलतात; राज्य पुनर्रचना आयोगाकडे ती सोय नव्हती. मग २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा नागमोडी रेघ फिरली आणि छिंदवाड्यातून सौंसर आणि पांढुर्णा काढून पांढुर्णा जिल्हा झाला. दुकानात धांदल उडाली. लेटरहेड, दाखले, पत्रिका, सगळीकडे ‘जि. छिंदवाडा’चं ‘जि. पांढुर्णा’ करायचं. पोराने युक्ती केली: शोधा छिंदवाडा, लिहा पांढुर्णा, सगळीकडे बदला. एका कळीसरशी काम झालं. प्रूफ माझ्याकडे आला तर खुद्द छिंदवाडा शहरात राहणारा नवरदेव, त्याचे आईवडील, मंगल कार्यालय आणि बसस्टँड पांढुर्ण्याला येऊन उतरलेले. वऱ्हाडाच्या दोन गाड्या उलट्या दिशेला जायच्या वाचल्या. पत्रिकेच्या तळाशी ‘पांढुर्णा’ खोडून पुन्हा ‘छिंदवाडा’ लिहिताना मला वाटलं, जिल्हे करणाऱ्यांनाही एकदा तिसरा प्रूफ दाखवायला हवा.

पत्रिकेचा प्रूफ आता कागदावर जात नाही, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जातो, आणि तिथून नव्याच खुणा परत येतात. उंचावलेला अंगठा म्हणजे वाचलं नाही. जोडलेले हात म्हणजे माझं नाव आहे, बाकी तुम्ही बघा. आणि नुसत्याच दोन निळ्या टिकल्या म्हणजे फुफाजी रुसले आहेत. अशाच एका गटावर गेल्या मोसमात एका घरची पत्रिका फिरत होती. थोरल्या नातवाच्या लग्नाची जुनी फाइल काढून, नावं बदलून, धाकट्याची तयार केलेली. संगणकावर सगळीच लग्नं तशी होतात. दोन लग्नांच्या मधल्या काळात आजोबा गेले होते. फाइलला ते माहीत नव्हतं. निमंत्रकांच्या यादीत सगळ्यात वर त्यांचं नाव होतं, पहिल्यासारखं, ‘कै.’ शिवाय. गटावर बावीस अंगठे येऊन गेले होते आणि एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

मी कागदावरचा प्रूफ काढला, नावाआधी हंसपद काढलं, समासात ‘कै.’ लिहिलं, आणि निमंत्रकांत बदल म्हणून घरी दाखवायला गेलो. मुलगा हळहळला, म्हणाला, बरं झालं काकाजी, बघितलं तुम्ही. सून कपाळाला हात लावून उभी राहिली. आजी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी परात बाजूला ठेवली, प्रूफ हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, माझी लाल खूण बोटाने दाबून बघितली. म्हणाल्या, “हे काय केलं जी?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मोठ्याच्या लग्नात त्याइनंच सगळ्याइले बलावलं होतं. याच्या लग्नात बी त्याइलेच बलावू द्या.” मुलाने समजावलं की लोक काय म्हणतील, चूक दिसेल. नियमाप्रमाणे मुलाचंच बरोबर होतं. मी ‘कै.’वर काट मारली, नावाखाली टिंबांची ओळ दिली, आणि समासात ते दोन शब्द लिहिले. सुनेने विचारलं, ही टिंबं कशाची? आजीच म्हणाल्या, “रांगोळी असन.”

पत्रिका तशीच छापली, तशीच वाटली गेली. लग्नाच्या दिवशी मुलताईकडून दोन म्हातारे आले, आजोबांचे जुने बाजारहाटातले सोबती. गेल्याची बातमी त्यांच्या गावापर्यंत पोचलेली नव्हती. त्यांनी मांडवभर शोध घेतला, मग आजींच्या पुढे येऊन उभे राहिले आणि विचारलं, पाटील कुठी बसले जी? भोवतालच्या बायका एकदम गप्प झाल्या. एका म्हाताऱ्याने खिशातून घडी घातलेली पत्रिका काढली आणि नावावर बोट ठेवून दाखवलं, की हे बघा, बोलावणं त्यांचंच आहे. आजींनी पत्रिकेकडे बघितलं, त्या दोघांकडे बघितलं, आणि पदर खोचत म्हणाल्या, “छापलं हाये तं असतीनच कुठी तरी. पंगत बसली, तुमी जेऊन घ्या पयले.”